सागवानी चौकटीचा टेप

नव्या गाडीच्या डॅशबोर्डाला ड्रिल टेकवलं की मी मालकाकडे बघत नसे. मालक मात्र माझ्याकडेच बघत असायचा. डॉक्टर लोक ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकांना बाहेर काढतात. आम्हाला ती सोय नव्हती. आमचे नातेवाईक बॉनेटवर हात टेकून उभे असायचे, वर सूचनाही द्यायचे.

काम काय, ते आधी सांगतो. हल्लीच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. ऐंशीच्या दशकात आमच्या धुळ्या-जळगावकडे ज्या जीपा आणि मोटारी फिरत, त्या बहुतेक मुक्या असायच्या. टेप नाही, रेडिओ नाही. मालकाला गाणं हवं असेल तर त्यानं आमच्यासारख्याकडे यायचं. आम्ही डॅशबोर्डाच्या पत्र्यात चौकोनी भोक पाडायचो, त्यात टेप सरकवायचो, मागून वायरी जोडायचो आणि दोन स्पीकर लावायचो. बोलायला सोपं आहे. पण पत्रा एकदा कापला की कापला. कापड नाही की टाचून घ्यावं.

म्हणून फर्मा असायचा. आमचा फर्मा एक्स-रेच्या फिल्मचा होता. कुणाच्या तरी बरगड्यांचा फोटो, मधोमध टेपच्या मापाची खिडकी आणि भोवती जेमतेम अर्ध्या इंचाची पट्टी ठेवून कापलेला. फिल्म डॅशबोर्डावर धरायची, खिडकीच्या आतल्या कडेनं टोच्यानं रेघ मारायची, रेघेवर ओळीनं बारीक भोकं पाडायची, भोकं छिन्नीनं जोडायची आणि कड कानशीनं साफ करायची. खाली पडलेला लोखंडाचा चुरा जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून वेचायचा. एक कण जरी वायरीत राहिला तरी पुढे फ्यूज उडतो. रेघ आतून. हे मला नानांनी पहिल्या आठवड्यात शंभरदा सांगितलं असेल.

नाना म्हणजे धुळ्यातल्या त्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानाचे मालक. मी मूळचा गुहागरकडचा. सातवीनंतर शाळेचं आणि माझं जमलं नाही. चुलतमामा एस.टी.त ड्रायव्हर, त्यांची बदली धुळ्याला झाली, आणि "इथे काही तरी शिकेल" म्हणून ते मला घेऊन आले. दोन वर्षांत त्यांची बदली दुसरीकडे झाली. मी राहिलो, कारण नाना म्हणाले, "याला ठेवा. हा घाबरतो. घाबरणारा माणूस बॅटरीची केबल आधी काढतो."

घाबरण्याचं हे एवढंच कौतुक आयुष्यात मला मिळालं. केबल काढली का, हे मी तीनदा बघायचो. काम संपल्यावर स्क्रू तीनदा आवळून बघायचो. नाना म्हणायचे, "कोकण्या, तू देवालासुद्धा तीनदा नमस्कार करतोस. पहिले दोन पोचलेच नाहीत असं समजून." काकू, म्हणजे नानांच्या घरच्या, त्यांना दटावायच्या. मग मला शेवभाजी वाढून म्हणायच्या, "तिखट लागतंय का रे?" लागायचं. डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी नाही म्हणायचो. घरापासून इतक्या लांब कुणी विचारतंय, त्याला हो कसं म्हणणार?

गिऱ्हाइकं एकेक अशी की सांगायची सोय नाही. एक काळीपिवळीवाला होता, धुळे-दोंडाईचा फेऱ्या मारायचा. टेप बसवून झाल्यावर म्हणाला, "आवाजाचं बटण काढून दे." मी विचारलं, "मग कमी-जास्त कसं करणार?" तो म्हणाला, "मी नाहीच करणार. पॅसेंजर पण नाही करणार. रोज भांडणं होतात. एक म्हणतो वाढव, एक म्हणतो बंद कर. बटणच नसलं म्हणजे दोघं मिळून कंपनीला शिव्या देतील." त्याच्या टेपचं बटण आम्ही खरोखर काढून दिलं. ते तो खिशात ठेवायचा. गाडी रिकामी असली की काढून लावायचा आणि एकटाच ऐकायचा.

पण मला सांगायचं आहे ते आबांच्या जीपचं. ती गोष्ट मी आजवर छापील सोडाच, तोंडीसुद्धा पुरी कुणाला सांगितलेली नाही.

आबा शिंदखेड्याच्या पुढच्या एका गावचे. घरचं मोठं खटलं. श्रावण होता, आणि त्यांच्याकडे कानबाई बसणार होती. आमच्या कोकणात गणपतीला जे होतं ते खानदेशात कानबाईला होतं. घराला रंग लागतो, भांडीकुंडी घासून निघतात, जिथे असतील तिथून भाऊबंद गावाकडे येतात. रविवारी देवी बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. आबांनी त्याच मुहूर्तावर नवी जीप घेतली होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत ती पुढे चालणार, आणि तिच्यात टेप वाजणार असं ठरलेलं.

टेपवर गाणी कुणाची, तर अक्कांची. अक्का म्हणजे आबांची आई. कानबाईची गाणी म्हणणारी बाई म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. पण वर्षभरापासून त्यांचा गळा बसला होता. बोलायच्या तेही कुजबुजल्यासारखं. नातवानं दोन वर्षांपूर्वी त्यांची गाणी एका कॅसेटवर भरून ठेवली होती. यंदा मिरवणुकीत अक्का गाणार होत्या त्या कॅसेटमधूनच.

कानबाईची पूजा झाल्याशिवाय जीप दाराबाहेर काढायची नाही, असा अक्कांचा हुकूम. म्हणून जीप दुकानात आली नाही, मी जीपकडे गेलो. शनिवार होता. नाना तापानं पडलेले. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "एकट्यानं पहिलंच काम आहे," ते म्हणाले, "सोपं आहे. रेघ आतून." मी रस्त्याला लागल्यावरही नाना घराच्या खिडकीतून एकदा ओरडले, "आतून!"

आबांच्या अंगणात रंगाचा वास, चुलींचा धूर, माणसंच माणसं. ओसरीवर धुडकू मिस्तरी सुतार कानबाईसाठी नवा सागवानी चौरंग तासत बसलेले. आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोठला तू?"

"गुहागरकडचा."

"कोकणातला शे हाऊ," आबा सगळ्यांना म्हणाले. "तठे गाडी चालाले रस्ता तरी शे का रे?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

जीपची पूजा सकाळीच झाली होती. डॅशबोर्डाच्या बरोबर मधोमध अक्कांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं ओढली होती. टेप साधारण तिथेच बसतो. मी फर्मा काढला, तशा अक्का जीपशी आल्या आणि कुजबुजल्या, "त्या बोटेसले धक्का लावू नको बरं भाऊ."

आता माझं सगळं चित्त त्या पाच बोटांत. फर्मा बाजूला सरकवला. एका हातानं फिल्म दाबून धरली, दुसऱ्या हातात टोच्या. टोच्या निसटून कुंकवावर गेला तर? मागून आबांचे चुलतभाऊ सांगत होते, "अजून जरा उजवीकडे." आबा सांगत होते, "डावीकडेच बरं शे." कुणीतरी चहा पुढे करत होतं. मी श्वास रोखून चारही बाजूंनी रेघ मारली. कुंकवाला केसाएवढाही धक्का लागला नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

भोकं पाडली. छिन्नी मारली. कानस फिरवली. भोक जरा मोठं दिसत होतं, पण रिकामं भोक नेहमी मोठंच दिसतं. वायरी जोडल्या, टेप उचलला, भोकाशी नेला आणि सरकवला.

टेप कुठेही न अडकता आत गेला आणि पलीकडे जाऊन वायरींना लोंबकळला.

मी रेघ बाहेरून मारली होती. खिडकीच्या आतून नव्हे, फिल्मच्या बाहेरच्या कडेनं. फिल्मची पट्टी अर्ध्या इंचाची. आमच्या मापात चार सूत. म्हणजे नव्या कोऱ्या जीपच्या डॅशबोर्डात चहूबाजूंनी चार-चार सूत जास्तीचं भोक.

ओसरीवरून धुडकू मिस्तरींचा शांत आवाज आला, "डबा विहिरीत पडना."

आबा वाकून बघायला लागले. "हाई काय शे रे? मनी जीपले खिडकी पाडी दिधी का तू?"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं! नानांचं तापलेलं कपाळ. काकूंची शेवभाजी. घरी आईला धाडलेलं पत्र, "मी आता मिस्तरी झालो आहे." परत जायचं तर कुठे जायचं, ते मला ठाऊक नव्हतं. आणि अक्का दारात उभ्या, कॅसेट पदराखाली धरून.

मी म्हणालो, "आबा, नानांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"नव्या पद्धतीत आधी लाकडी चौकट बसवायची. मग चौकटीत टेप."

"आणि लाकूड कोठे शे?"

"नानांनी सांगितलंय, लाकूड गिऱ्हाइकाच्या घरचं लागतं. सागवान."

खोटं एकदा सुरू झालं की त्याला उतार लागतो, हे मला तेव्हा कळलं. मिस्तरींच्या हातातला रंधा थांबला. "नानाले आपला घरनं सागवान कसं काय माहीत पडनं?"

आबा त्यांच्यावरच उखडले. "नाना मोठा हुशार माणूस शे. त्याले बठ्ठं माहीत राहस. तू चौकट कर."

मिस्तरी चौरंगाच्या उरलेल्या पट्ट्या घेऊन जीपशी आले. भोकात हात घालून कड चाचपली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "चौकट कसानी करू? चूकनी का फॅशननी?"

मी त्यांचे पाय धरायचेच बाकी होते. ते म्हणाले, "सरक. फॅशननीच करस." मग तासाभरात त्या माणसानं अशी चौकट केली की आजही डोळ्यांपुढे आहे. कोपरे असे जुळवलेले की नख शिरू नये, कडेला बारीक गोलाई, वर तेलाचा हात. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी खाली घालून ती पत्र्यावर आवळली. टेप तिच्यात असा बसला जसा अंगठीत खडा.

अक्कांनी पदराखालून कॅसेट काढली. आधी थोडी खरखर झाली, मग त्यांचा आवाज आला. मोकळा, खणखणीत, अंगण भरून टाकणारा. रंगाचे ब्रश थांबले. अक्कांनी चौकटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "चौरंगनं लाकूड शे ना हाई? देवीनं लाकूड. चांगलं करं भाऊ." मग कुंकवात बोट बुडवून त्यांनी एक सहावं बोट चौकटीवर ओढलं.

मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

धुळ्याला परत आलो. नानांनी पांघरुणातून विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "झालं." एवढंच. पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. रोज संध्याकाळी स्वतःला सांगायचो, उद्या नक्की. स्क्रू तीनदा आवळणारा मी पाचदा आवळायला लागलो. नाना म्हणाले, "कोकण्या, आता स्क्रूच माफी मागेल."

नवव्या दिवशी दुकानासमोर दोन जीपा थांबल्या. एकीतून आबा उतरले, दुसरीतून त्यांचे दोंडाईच्याचे जावई. मी वर्कबेंचखाली काहीतरी शोधायला लागलो. तिथे शोधण्यासारखं काहीच नव्हतं.

"नाना," आबा जावयासमोरच्या ठेवणीतल्या मराठीत मोठ्यानं म्हणाले, "जावईबापूंना पण तशीच चौकट पाहिजे. तुमच्या नव्या पद्धतीची. गावात जो येतो तो टेप ऐकायचं सोडून चौकट बघतो. तुमच्या माणसानं सांगितलं, नानांनीच काढली म्हणे ही तऱ्हा?"

वर्कबेंचखालून मला नानांच्या फक्त चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत. कितीसा वेळ गेला असेल? फार तर एक श्वास. माझी सगळी नोकरी त्या चपलांत होती.

"हो," नाना म्हणाले. "मीच सांगितलं."

"घरचंच लाकूड लागतं, असंही सांगितलं म्हणे."

"घरचंच. आणि जुनं." नानांना आता रंग चढला. "ओलं लाकूड चालत नाही. आवाज दबतो."

"बघा जावईबापू!" आबा म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

मंडळी चहा पिऊन, लाकूड घेऊन यायचं ठरवून गेली. नाना खुर्चीवर बसले. मी समोर उभा. त्यांनी भिंतीवरचा एक्स-रेचा फर्मा काढला, उजेडात धरला, आणि बरगड्यांकडे बघत विचारलं,

"किती सूत?"

"चार."

"कुठल्या बाजूनं?"

"चहूबाजूंनी."

"म्हणजे बाहेरून."

मी मान हलवली. आता पिशवी भरायची, एवढाच विचार डोक्यात. नानांनी फर्म्याच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझं नाव घेतलंस तेव्हा घाबरला होतास?"

"नाव घेईपर्यंत घाबरलो होतो, नाना. घेतल्यावर जरा धीर आला."

त्यांनी फर्मा परत खिळ्याला लावला. "मग ठीक आहे. पण एक लक्षात ठेव. खोटं तू बोललास, आणि आता मीही बोललो. ते खरं करायचं काम तुझं. आजपासून चौकट तूच तासायची. लाकूडकाम येत नसेल तर जा त्या धुडकूकडे आणि शिकून ये."

गेलो. महिनाभर दर रविवारी एस.टी.नं जायचो. धुडकू मिस्तरींनी शिकवलं, आणि टोमणे मारायची एकही संधी सोडली नाही. "या, फॅशनवाले," असं माझं स्वागत व्हायचं.

पुढची सात-आठ वर्षं ती चौकट आमच्या दुकानाची ओळख झाली. लोक लाकडं घेऊन यायचे. जुन्या पाळण्याची पट्टी, मोडक्या पलंगाचा पाय, एकानं तर आजोबांच्या दप्तराच्या पेटीचं झाकण आणलं. आणि मी प्रत्येक नव्या गाडीचा पत्रा मुद्दाम, मोजूनमापून, चहूबाजूंनी चार सूत जास्त कापायचो. आपलीच चूक रोज नीटनेटकी करायला लागणारा माझ्यासारखा कारागीर दुसरा नसेल.

नव्वदच्या दशकात नानांच्याच आशीर्वादानं मी जळगावला स्वतःचं दुकान टाकलं. तिथे एकदा दीपनगरच्या वीज केंद्रातले एक इंजिनिअर आले. आलेखाच्या कागदावर त्यांनी सगळं वायरिंग काढून आणलं होतं, इंग्रजीत. मला वाचता येईना. मी रंग बघून जोडलं, लाल लालला, काळा काळ्याला. गाणं लागलं. ते कागदाकडे आणि टेपकडे आळीपाळीनं बघत राहिले, कारण कागदाप्रमाणे ते लागायला नको होतं. मग त्यांनी विषय बदलला. "या लाकडी चौकटीचं तांत्रिक कारण काय?"

मी गंभीरपणे म्हणालो, "हादरे शोषून घेते."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पुढे मला वाटायला लागलं की खरंच घेत असेल. आमच्याकडचे रस्ते बघता काहीतरी घेतच असणार.

एक रुखरुख आहे. अक्कांना मी खरं सांगितलं नाही. दरवर्षी कानबाईला आबा बोलवायचे, मी जायचो. अक्का मला जीपपाशी न्यायच्या आणि ते सहावं बोट दाखवायच्या. दरवर्षी त्या ते नव्यानं ओढायच्या. मी मनाशी म्हणायचो, अक्का, तुमचं कुंकू वाचवण्याच्या नादात पत्रा गेला हो. पण बोललो नाही. बोललो असतो तर त्या हसल्या असत्या, हे आता कळतं. त्या गेल्या, पुढे आबा, मग नानाही गेले. जीप कुणाला विकली ते विचारायचं धाडस मला झालं नाही. चौकट तरी काढून ठेवली असेल का, एवढं मात्र मनात येतं.

परवा एक तरुण नवी मोटार घेऊन दुकानात आला. डॅशबोर्डात मोठा टचस्क्रीन बसवायचा होता. बोट लावलं की गाणं, बोट सरकवलं की नकाशा, गाडी मागे घेतली की मागचं चित्र. आता पत्रा कापावा लागत नाही. जुना टेप ओढून काढायचा, प्लग जोडायचा, नवा सरकवायचा. मी तरीही बॅटरीची केबल आधी काढली. तीनदा बघितली.

खोका उघडला. वर स्क्रीन, खाली वायरी, आणि तळाशी पिशवीत गुंडाळलेली काळ्या प्लास्टिकची एक चौकट. भोक प्रत्येक गाडीत वेगळ्या मापाचं असतं, स्क्रीन एकाच मापाचा. मधली फट झाकायला आता कंपनीच चौकट देते. मी ती हातात घेतली आणि सवयीनं माप लावलं. चार सुतांना जराशी कमी. कोपऱ्यांना बारीक गोलाई.

"काका," तो तरुण म्हणाला, "ही फ्रेम लावायलाच पाहिजे का? कुणी सांगितलंय?"

मी चौकट डॅशबोर्डाला टेकवली, उजवीकडे-डावीकडे बघितली आणि म्हणालो,

"नानांनी सांगितलंय."